सीमाभागात गेमिंग पीसी जोडायचा तर: सुट्या भागांची निवड आणि बंद पडल्यावरची शोधाशोध

पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला इंटरनेटवर सल्ल्यांची कमी नाही. पण बहुतेक सल्ले बेंगळुरू, पुणे, मुंबईत बसून दिलेले असतात. तिथं दुकान हाकेच्या अंतरावर असतं आणि सर्व्हिस सेंटर शहरातच. आपल्याकडं खानापूर तालुक्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते, निपाणी-चिकोडीच्या वाड्यावस्त्यांवर उसाच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं, आणि एखादा भाग बिघडला तर तो कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवून आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते. त्यामुळं इथं पीसी जोडताना हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो. वीज आणि वॉरंटी या दोन गोष्टी आधी बघायच्या, मग फ्रेम रेट. हा लेख त्या हिशेबानं लिहिला आहे.

आधी मॉनिटर आणि खेळ ठरवा

"पन्नास-साठ हजारांत कुठला पीसी बसेल?" हा प्रश्न उलटा आहे. तुम्ही काय खेळणार आणि कुठल्या मॉनिटरवर खेळणार, हे आधी ठरवा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला चांगला प्रोसेसर आणि १४४ हर्ट्‌झ किंवा त्याहून वेगवान मॉनिटर लागतो. त्याला मध्यम ग्राफिक्स कार्ड पुरतं. मोठ्या, चित्रमय कथा-खेळांची आवड असेल तर पैसा ग्राफिक्स कार्डात जायला हवा. १०८०पी मॉनिटर घेणार असाल तर महागडं कार्ड घेऊन अर्धी ताकद वाया घालवू नका. १४४०पी घेणार असाल तर ८ जीबी मेमरीच्या कार्डावर थांबू नका.

मॉनिटर सोडून एकूण बजेटातला पस्तीस ते चाळीस टक्के भाग ग्राफिक्स कार्डाला द्यावा, असं माझं मत आहे. उरलेल्यात प्रोसेसर आणि मदरबोर्ड (पुढं नुसतं 'बोर्ड'), मग रॅम आणि एसएसडी. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पैशाला मात्र कात्री लावायची नाही. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलं आहे. ठरावीक किमती इथं मुद्दाम देत नाही, कारण त्या भराभर बदलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की महिन्यापूर्वी केलेली यादी कागदावरच राहिली. यादी तयार झाली की दोन-तीन दुकानांतून एकाच दिवशी भाव काढा आणि मगच तुलना करा.

"आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स" ही पाटी नीट वाचा

तालुक्याच्या गावात नवख्या मुलाला सर्वांत जास्त फसवणारी ही पाटी आहे. वीस हजारांत आय७ मिळतो म्हटल्यावर आई-वडिलांनाही सौदा बरा वाटतो. पण आय७ हे फक्त घराण्याचं नाव आहे, पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. ४७७० म्हणजे चौथी, २०१३ ची. असा जुना प्रोसेसर काढून, नव्यानं बनवलेल्या स्वस्त बोर्डावर बसवून, चकचकीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घालून 'नवा पीसी' म्हणून विकला जातो. त्यात जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम असते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं आणि विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणजे ते यंत्र घरी येतं तेव्हाच त्याचे दिवस भरलेले असतात.

'४ जीबी ग्राफिक्स'चंही तसंच. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आजही ४ जीबी मेमरी लावून विकलं जातं. कार्डाची ताकद मेमरीच्या आकड्यावर ठरत नाही, आत चिप कुठली आहे त्यावर ठरते. दुकानदाराला प्रोसेसरचा आणि कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर विचारा आणि तो बिलावर लिहून घ्या. जो लिहून द्यायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम: हे त्रिकूट एकत्रच निवडायचं

प्रोसेसर कुठल्या सॉकेटचा (बोर्डावरच्या त्याच्या बैठकीचा) आहे त्यावर बोर्ड ठरतो आणि बोर्डावर रॅम. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ पासूनचं आहे आणि त्याला डीडीआर४ लागते. एएम५ हे २०२२ मध्ये आलं, तिथं फक्त डीडीआर५ चालते. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी आहे. त्याचे बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही, पण एका बोर्डावर सहसा एकच प्रकार बसतो. त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ बोर्ड आणि डीडीआर५ लागते. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत जात नाही. जोर लावला तर खाच तुटेल, पट्टी बसणार नाही.

नव्यानं सगळं घेणाऱ्याला मी एएम५ सुचवतो. २०२७ पर्यंत आणि त्यापुढंही या सॉकेटला आधार देऊ, असं एएमडीनं सांगितलेलं आहे. म्हणजे तीन वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता राहते. बजेट फारच आखडतं असेल तर एएम४ वर रायझन ५ ५६०० आजही काम देतो.

आता आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. ज्यात अंगचं ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्या. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. नुसत्या १२४०० मध्ये असतं. एएमडीच्या ७५००एफ मध्ये नसतं, ७६०० मध्ये असतं. ५६०० मध्ये नसतं, ५६००जी मध्ये असतं. 'एफ'वाला थोडा स्वस्त पडतो आणि शहरातले सल्लागार तोच घ्या म्हणतात. पण उद्या पीसी सुरू होईना आणि दोष कार्डात आहे की बोर्डात हे कळेना, तेव्हा खानापुरात किंवा हुक्केरीत बसून तपासायला दुसरं कार्ड कुठून आणणार? अंगचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून बाजूला ठेवायचं, केबल बोर्डाला लावायची, पाच मिनिटांत निवाडा. शिवाय कार्ड वॉरंटीत गेलं तर ते परत येईपर्यंत कॉलेजचं काम तरी अडत नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक नको. आठ-आठच्या दोन असल्या तर डबल चॅनलमध्ये चालतात आणि खेळात फरक स्पष्ट दिसतो. जमलं तर सोळा-सोळाच्या दोन. दोन्ही एकाच पाकिटातल्या हव्यात. नंतर वेगळ्या कंपनीची एक आणून जोडू, हा विचार पुढच्या निळ्या स्क्रीनची, म्हणजे विंडोज कोसळण्याची, सोय करतो.

ग्राफिक्स कार्ड

१०८०पी साठी आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी या वर्गातलं कार्ड पुरेसं आहे. ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळतं. चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीसाठी जरा थांबून पैसे जमवा. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं आहे आणि चांगलं आहे, पण ते जुन्या बोर्डावर लावू नका. रिसायझेबल बार ही सोय बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) चालू नसेल तर ते मार खातं.

जुनं कार्ड घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि त्यात रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात. पण समोर बसून पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डाला ताण देणारा चाचणीचा प्रोग्राम) चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे दिसतात का, सगळे पंखे फिरतात का, तापमान कुठवर जातं, हे बघा. कार्डाच्या सोनेरी कडेवर किंवा स्क्रूंवर हिरवट-पांढरा थर असेल तर ते ओलीत राहिलेलं आहे. परत द्या.

एसएमपीएस: इथंच खरी परीक्षा

कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस काढून ठेवा. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण बाजूचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांनाही १२ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज जाते. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. वरचा ४५० चा आकडा नुसता शोभेचा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४० ते ४५ अँपिअर दिसतात.

गरजेचा हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट, ६५ वॅट लिहिलेला रायझन प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेतो, बाकी पंखे, एसएसडी, बोर्ड मिळून पन्नास-साठ. एकूण तीनशेच्या आत. त्यावर क्षणिक उसळ्या येतात, म्हणून ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (हा कार्यक्षमतेचा शिक्का) किंवा त्याच्या वर. एवढ्या यंत्राला ८५० वॅटची गरज नाही.

आता लेबलावरची दुसरी ओळ, जी जवळपास कुणी वाचत नाही: इनपुट. काही एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २०० ते २४०. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरत असेल तर दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस खेळ ऐन रंगात आल्यावर मान टाकतो आणि मुलगा बिचारा ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतो. पहिल्या प्रकारचा असेल तर स्टॅबिलायझरचीही सहसा गरज पडत नाही. बेळगाव शहरात टिळकवाडीत राहणाऱ्याला याचा फारसा फरक पडणार नाही. शेतातल्या घरात राहणाऱ्याला हमखास पडेल. वीजतंत्र्याकडून भर संध्याकाळी एकदा मल्टिमीटर लावून घ्या आणि मग एसएमपीएस निवडा.

लाईट गेल्यावरचं काय? साधा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. त्यावर पीसी आणि मॉनिटर खेळ चालू असताना टिकतीलच असं नाही. मोठा, १००० व्हीएच्या पुढचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आजचे एसएमपीएस गुणगुणतात, कधी बंदही पडतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच पीसी रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं का ते शोधा. त्या मोडमध्ये अदलाबदल लवकर होते.

आणि एक धोक्याची गोष्ट. सुट्या केबलींचा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर एका कंपनीच्या केबली दुसरीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग सारखा दिसतो, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. एका क्षणात एसएसडी, बोर्ड, काहीही जळू शकतं.

कुठून घ्यायचं

निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, खानापूरच्याला बेळगाव, धारवाडच्या अंगाला राहणाऱ्याला हुबळी. बेंगळुरूचा एसपी रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही मोठी बाजारपेठ खरी, पण एक पट्टी रॅम बदलायला कुणी तिथवर जाणार नाही. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून घरगुती ग्राहकाला महाराष्ट्रात घ्या की कर्नाटकात, कर सारखाच. सीमा ओलांडून आणण्यात करापोटी काही वाचत नाही. वाचलं तर दुकानदाराच्या भावात वाचतं.

माझा सल्ला असा: ग्राफिक्स कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस जवळच्या दुकानातून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्या, भले हजारभर जास्त जावोत. बिघाड आला तर कंपनीशी बोलायला दुकानदार मध्ये असणं मोलाचं आहे. रॅम, एसएसडी, पंखे, कॅबिनेट ऑनलाइन घेतलं तरी चालतं. ऑनलाइन आलेलं खोकं उघडताना सीलपासून सीरियल नंबरपर्यंत अखंड व्हिडिओ काढा. 'बिल नको, स्वस्त लावतो' म्हणणाऱ्याचा माल बऱ्याचदा परदेशी वाटेनं आलेला असतो आणि त्याला भारतात वॉरंटी नसते. खोकी माळ्यावर जपून ठेवा. पुनर्विक्रीलाही उपयोगी पडतात.

जोडणी

पंख्याखाली, कोरड्या लाकडी टेबलावर बसा. लोकरीचं घोंगडं, नायलॉनची सतरंजी नको. एसएमपीएसला वायर लावून त्याचं बटण बंद ठेवा आणि अधूनमधून त्याच्या पत्र्याला हात लावत राहा. अंगातली स्थिर वीज तिथून अर्थिंगमध्ये उतरते, अर्थात घरात अर्थिंग असेल तर.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा आणि शक्य तेवढं बाहेरच जोडा. आधी प्रोसेसर. कोपऱ्यावरचा लहान त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि अलगद सोडा. दाबायचं काहीच नसतं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. एएम५ आणि इंटेलमध्ये त्या सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या नाजूक असतात. कड्याची दांडी लावताना बराच जोर लागतो, कुरकुर आवाज येतो, तेवढं चालतं. वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडतं. ते फेकू नका. बोर्ड वॉरंटीला पाठवताना सॉकेटवर ते झाकण नसेल तर पिना वाकल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी. दोन्ही टोकांना टक्क असा आवाज आला पाहिजे. एम.२ एसएसडी तिरपी घालून खाली दाबायची आणि बारीक स्क्रूनं धरायची. तिच्या पत्र्याखालच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. कूलरच्या बुडावरचीही तीच गोष्ट. फिल्म तशीच राहिलेला कूलर बसवून 'पीसी तापतोय' म्हणणारी मुलं दर मोसमात भेटतात.

थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पसरायची गरज नाही, कूलर दाबला की पसरते. कूलरबरोबर पेस्ट आधीच लावून आली असेल तर वरून आणखी नको. स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं, थोडे थोडे आवळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथला उन्हाळा विदर्भासारखा नाही. मध्यम प्रोसेसरला चांगला हवेचा कूलर भरपूर झाला. पाण्याच्या कूलरचे पैसे एसएसडीत घाला.

कॅबिनेटमध्ये बोर्ड ठेवण्याआधी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते बारीक खुंट) मोजा. बोर्डाला जिथं भोकं आहेत तिथंच ते हवेत. एखादा चुकीच्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. मागची पोर्टपट्टी सुटी असेल तर ती आधी बसवा. बोर्ड स्क्रू करून झाल्यावर ती आठवली की सगळं पुन्हा काढावं लागतं.

मग वायरी. २४ पिनांचा मोठा प्लग बोर्डाच्या कडेला, ८ पिनांचा प्रोसेसरचा प्लग वरच्या कोपऱ्यात. ग्राफिक्स कार्डाचाही प्लग ८ पिनांचाच असतो, पण दोन्ही एक नव्हेत. प्रोसेसरचा चार-चार असा फुटतो, कार्डाचा सहा-दोन असा. नव्या मोठ्या कार्डांचा १६ पिनांचा प्लग शेवटपर्यंत आत गेला आहे हे डोळ्यांनी बघा. अर्धवट बसलेले असे प्लग वितळल्याची उदाहरणं आहेत. पॉवर बटणाच्या दोन पिनांना उलट-सुलट नसतं, दिव्यांच्या पिनांना असतं.

झाकण लावण्याआधी सुरू करून बघा.

"दादा, पंखे फिरायलेत, पण स्क्रीनवर काहीच येईना की!"

असा फोन येतो तेव्हा मी पहिला प्रश्न एकच विचारतो: मॉनिटरची केबल कुठं लावलीस? कार्ड असेल तर केबल कार्डाच्या मागे, बोर्डाच्या मागे नाही. इथंच निम्मे फोन संपतात.

एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ असेल तर पुढचा सल्ला: थांब. पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवणी करतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. घाईनं बटण दाबून बंद केलं की सगळं पहिल्यापासून. चहा करून या.

तरीही काही येईना तर बोर्डावरचे चार बारीक दिवे बघा. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांच्या नावाचे दिवे असतात. जो पेटून राहिला तिथं अडलंय. रॅमचा दिवा असेल तर सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत लावून सुरू करा. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या पीसीत पट्टीच्या सोनेरी कडेवर बारीक थर चढतो. स्वच्छ पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका, पुन्हा बसवा. आपल्याकडचे जुने मेकॅनिक हाच उपाय करत आलेत आणि तो लागू पडतो. प्रोसेसरचा दिवा असेल तर वरच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा प्लग बघा. तो बसलेला असेल तर बोर्डाचा बायोस त्या प्रोसेसरहून जुना आहे का ते कंपनीच्या साइटवर तपासा. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर लावला की असं होतं. फ्लॅशबॅकचं बटण असलेल्या बोर्डावर पेनड्राइव्हमधून, प्रोसेसर नसतानाही बायोस बदलता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा.

काहीच हालचाल नसेल, पंखाही फिरत नसेल, तर भिंतीचं बटण, एसएमपीएसच्या मागचं बटण, २४ पिनांचा प्लग, या क्रमानं जा. मग बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकत्र टेकवा. सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत. सुरू होऊन दोन सेकंदांत बंद होत असेल तर शॉर्टचा संशय घ्या: बोर्ड बाहेर काढून खोक्यावर ठेवून, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एवढ्यावर चालवून बघा. बाहेर चालला आणि आत चालत नसेल तर तो स्टँडऑफ शोधा.

बायोसमध्ये काहीतरी बदलल्यावर अडकलं असेल तर वायर काढून बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून ठेवा. सेटिंग मूळपदावर येतात.

खेळताना अचानक पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर विंडोजच्या नोंदींत कर्नल-पॉवर ४१ दिसेल. ती नोंद पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढंच सांगते, का ते सांगत नाही. तिच्यावरून भाग बदलायला धावू नका. आधी तापमान बघा, एचडब्ल्यूइन्फो हे फुकट साधन त्यासाठी पुरेसं आहे. तापमान ठीक असेल तर दुपारी खेळून बघा. दुपारी चालतो आणि संध्याकाळीच पडतो, असं असेल तर उतरलेलं व्होल्टेज. दोन्ही वेळा पडतो तर एसएमपीएस. निळी स्क्रीन येत असेल तर मात्र रॅमकडं बघा: बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) बंद करून चालवा, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एकही चूक दिसली तरी पट्टी बदलायची. आणि जुना तेराव्या-चौदाव्या पिढीचा तगडा इंटेल प्रोसेसर घेतला असेल तर बायोस आधी नवा करा. त्या पिढ्यांतला व्होल्टेजचा दोष इंटेलनं २०२४ मध्ये मान्य करून दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

पीसी चालतो पण खेळ मंद आहे? एक्सएमपी चालू आहे का, रॅम दोन खाचांत आहे का, विंडोजमध्ये मॉनिटर १४४ वर लावलाय की ६० वरच राहिलाय, हे बघा. व्हॅलोरंट विंडोज ११ वर उघडतच नसेल तर बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू करा.

हाताला मुंग्या येतात तेव्हा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सहसा पीसी बिघडलेला नसतो, घराचं अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे कपॅसिटर अर्थच्या पिनेला जोडलेले असतात. ती पिन जमिनीपर्यंत पोचलीच नाही तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह बारीक असतो, पण यूएसबी, साउंड, मॉनिटर जोडताना तो बोर्डाला त्रास देऊ शकतो, आणि सर्जपासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्डही अर्थिंगशिवाय अर्ध्यावरच काम करतो. दोन पिनांच्या स्वस्त एक्स्टेन्शनवर किंवा वरची पिन कापलेल्या प्लगवर पीसी चालवू नका.

वीजतंत्र्याला बोलावून प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट आहेत ते मोजून घ्या. दोन-तीनच्या आत हवेत. फेज आणि अर्थमध्ये पूर्ण २३० च्या आसपास. खानापूरकडं जांभ्यात खड्डा घ्यायला कष्ट पडतात आणि पाणी लगेच झिरपून जातं, त्यामुळं उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये अधूनमधून दोन बादल्या पाणी ओता. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात ओल टिकते, पण जमीन भेगाळली की तिथंही तेच करावं लागतं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस गडगडायला लागला की बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून उपटा, आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. वीज त्या वाटेनंही बोर्डात शिरते.

पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर नको, ओल्या भिंतीला टेकून नको. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर खेळायचं नसलं तरी रोज अर्धा तास पीसी चालू ठेवा. आतल्या उबेनं ओल उडते. मागच्या रिकाम्या खाचा पट्ट्यांनी झाका, नाहीतर पाल आत जाते आणि एसएमपीएससकट जीव देते. पाऊस संपल्यावर दसऱ्याच्या सफाईत ब्लोअरनं धूळ काढा. काढताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा.

पीसी गावी न्यायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात घाला, कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड तळाशी सपाट राहील असं. वडापच्या टपावर बांधू नका, मांडीवर घ्या किंवा सीटच्या मध्ये ठेवा. कार्ड तसंच ठेवून खड्ड्यांच्या रस्त्यानं नेलं की बोर्डावरची खाच तडकते, आणि ती वॉरंटीत बसत नाही.